दोम्लांची हलकी फायरवॉल

हिकमतुल्ला-दोम्लांच्या लॅपटॉपमधून चोराने काही नेलं असतं, तर दोम्लांनी ते एक वेळ सोसलं असतं. दुःख हे होतं, की त्याने काहीच नेलं नाही. उलट तपासून ठेवलं.

झालं असं. दोम्ला, म्हणजे गुरुजी, कोकंदच्या शेती महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षं मातीचा विषय शिकवत होते. जमिनीच्या खारेपणावर ताश्कंदला एक परिसंवाद होता, आणि त्यासाठी ते तिथल्या एका अतिथिगृहात उतरले होते. खोलीत बसून लॅपटॉप वायफायला जोडला, तेव्हा यंत्राने विचारलं, हे नेटवर्क घरचं की सार्वजनिक? दोम्लांच्या पायात त्या वेळी सपाता होत्या, अंगात घरचा सैल झगा होता, पोटात भरपेट पलोव होता. त्यांनी 'घरचं' म्हणून सांगून टाकलं. निबंधाचा फोल्डर कॉलेजातल्या सहकाऱ्यांसाठी त्यांनी कधीकाळी उघडा करून ठेवला होता, तो आता त्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांना उघडा झाला. सकाळी पाहतात तो अकरा स्वल्पविराम जागेवर आलेले, दोन लंगडी वाक्यं सरळ केलेली, आणि पान चौदावर लाल अक्षरांत एक ओळ: 'बेरीज चुकली आहे. त्रेचाळीस नव्हे, चौतीस. आपला, एक शेजारी.'

दोम्लांनी त्या दिवशी निबंध वाचला तो समोरच्या साठ श्रोत्यांकडे एकेक करून संशयाने बघत. कुणी हसलं की त्यांना वाटे, हाच. कुणी गंभीर बसलं की वाटे, हाच असणार.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, "सलोमत, माझ्यावर सायबर हल्ला झाला."

सलोमत पीठ मळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण अहो, बेरीज चुकली होती का?"

"तो मुद्दा नाहीये!" दोम्ला कडाडले.

चुकली होती. पण तो मुद्दा खरंच नव्हता. मुद्दा हा होता, की दोम्लांचा लॅपटॉप एका जागी बसणारा नव्हता. तो सकाळी कॉलेजात असे, दुपारी कालव्यांच्या कचेरीत, संध्याकाळी तोजिबोयच्या चायखान्यात, महिन्यातून दोनदा ताश्कंदच्या आगगाडीत. रोज नवं वायफाय, रोज नवे शेजारी. त्यांत बेरजा तपासणारे किती असतील याचा काय भरवसा? तेव्हा फायरवॉल हवी, आणि ती हलकी हवी, कारण लॅपटॉप म्हातारा होता. नकाशा उघडायला सांगितलं तरी त्याला धाप लागायची.

आता माणसाने अशी गोष्ट गुपचूप करावी. पण दोम्ला चायखान्यात बोलले, आणि मोहल्ल्यात बातमी पोचली. संध्याकाळी शेजारचे अब्दुवोसित-आका हजर झाले. हे गृहस्थ एका बँकेत पंचवीस वर्षं दाराशी पहारेकरी होते, आणि त्या दारातून आत-बाहेर गेलेलं सगळं बँकिंग आपल्याला कळतं अशी त्यांची समजूत होती. सुरक्षा या विषयावर ते नेहमी उभ्यानेच बोलत.

"हलकी?" ते म्हणाले. "दोम्ला, हलका पहारेकरी कधी पाहिलाय का? मला बघा."

दोम्लांनी पाहिलं. अब्दुवोसित-आका दारात मावत होते, पण दार त्यामुळे दिसत नव्हतं.

"माझा पुतण्या बँकेत कॉम्प्युटर बघतो. बँकेत जी फायरवॉल असते ना, तीच आणून देतो. माशी आत जाणार नाही."

ती आली एका पेनड्राइव्हवर. लॅपटॉपमध्ये घातली, आणि त्या दिवसापासून लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ लागू लागला, की तेवढ्यात चहा व्हायचा, पिऊन व्हायचा आणि किटली घासून पालथी घालून व्हायची. माशी आत जात नव्हती हे खरं. पण दोम्लाही जाऊ शकत नव्हते. पंखा असा घोंघावायचा, की तासाला मागच्या बाकांवरच्या मुलांना ऐकू यायचं नाही, आणि हे त्या मुलांना फारच आवडू लागलं.

चौथ्या दिवशी कॉलेजच्या संगणक विभागाने दोम्लांचं वायफाय तोडलं.

विभागाच्या प्रमुख मस्तुरा-ओपा, म्हणजे मस्तुराताई. यांच्या टेबलावर संगणक होता, पण तो कापडाने झाकलेला असे. उघडा असे तो शिक्का.

"दोम्ला," त्या म्हणाल्या, "तुमचा लॅपटॉप कॉलेजच्या नेटवर्कमध्ये शिरला की सगळ्यांची दारं ठोठावत फिरतो. तुम्ही चोर आहात का, म्हणून विचारतो. काल त्याने प्राचार्यांच्या प्रिंटरला विचारलं."

"ती बँकेची फायरवॉल आहे. काढून टाकतो. दुसरी घालतो, हलकी."

"घाला ना. पण परत जोडायचं तर अर्ज लागेल. फायरवॉलचं नाव, वजन, आणि लॅपटॉप आणखी कुठेकुठे जोडला जातो त्याची यादी."

दोम्लांनी यादी दिली. ती प्रामाणिकपणे दिली, ही त्यांची चूक. मस्तुरा-ओपांचं बोट चायखान्यावर थांबलं.

"हे खाजगी ठिकाण आहे. तिथलं वायफाय धोक्याचं नाही असं मालकाचं पत्र लागेल. शिक्क्यासह."

"ओपा, तो पलोव विकतो. त्याच्याकडे शिक्का कुठून येणार?"

"मग मोहल्ला समितीचा आणा. मी काय, तुमच्या भल्याचंच सांगते."

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत दोम्लांनी मातीचे नमुने गोळा करण्यासाठी वाळवंट तुडवलं होतं. आता ते चायखान्याच्या वायफायला चारित्र्याचा दाखला मिळवण्यासाठी मोहल्ला तुडवू लागले. तोजिबोयने आधी डोळे विस्फारले, मग त्याला रागच आला. "वीस वर्षं माझा चहा पिताय, दोम्ला. कधी पोट बिघडलं? आणि आता माझं वायफाय वाईट?" शेवटी त्याने वहीचं पान फाडून लिहून दिलं, की आमच्या चायखान्याचं वायफाय सज्जन आहे, ते कुणाच्या अध्यातमध्यात नसतं, आणि इथे शुक्रवारी पलोवमध्ये बेदाणे असतात. मोहल्ला समितीच्या अध्यक्षांनी ते दोनदा वाचून बेदाण्यांचं वाक्य खोडायला लावलं, आणि मग शिक्का मारला. मस्तुरा-ओपांनी ते पत्र न वाचताच फायलीत लावलं.

एवढं झाल्यावर फायरवॉल निवडायची राहिली होती.

दोम्लांनी ती शास्त्रीय पद्धतीने निवडायचं ठरवलं. मोठ्या कागदावर तक्ता आखला. डाव्या बाजूला अकरा फायरवॉलींची नावं, आणि वर रकाने: वजन, खाणं, स्वभाव. सलोमतने जाता जाता तक्ता पाहिला. झेबिनिसोसाठी मुलगा बघताना यांनी इतके रकाने आखले नव्हते, हे तिच्या मनात आलं, आणि मनात आलेलं ती सहसा बोलून टाकते.

"तिथे तू होतीस," दोम्ला म्हणाले. "इथे मी एकटा आहे."

झेबिनिसो त्यांची मुलगी. मार्गिलानच्या ओलिमखोजांच्या मुलाशी तिचं जमलं होतं. नान मोडून झाला होता, म्हणजे शब्द पक्का होता, फक्त तारीख राहिली होती. मुलगा इख्तियोर कोरियात, सोलला, लिफ्ट दुरुस्त करायचा. दोम्लांना हे स्थळ मान्य होतं, पण 'लिफ्ट' हा शब्द उच्चारताना ते किंचित थांबत.

तर अकरा फायरवॉली. एक हलकी होती, पण दर तासाला आपल्याच मोठ्या भावाची जाहिरात दाखवायची. एक हलकी होती, पण नेटवर्क बदललं की सगळं विसरायची, आणि चायखान्यातून आगगाडीत गेलं की दोम्लांनाच ओळखायची नाही. एकीचा स्वभाव चांगला होता, पण ती वारली होती. म्हणजे तिच्या मालकाने तिचं काम सोडून दिलं होतं. दोम्लांनी प्रत्येकीला एक दिवस ठेवून घेतलं आणि प्रत्येकीबद्दल दोन ओळी लिहिल्या. त्यांतल्या बऱ्याचशा ओळी एखाद्या सासूने लिहाव्यात तशा होत्या.

अखेर अकरावी पसंत पडली. इतकीशी, तीन एमबीची. लॅपटॉपला ती आल्याचं कळलंसुद्धा नाही. रशियनमधून तिचं उझबेक कुणीतरी उभ्या उभ्या केलं होतं, त्यामुळे तिची भाषा जरा सरळसोट होती. पण तिचा गुण असा, की ती स्वतःच्या मनाने काहीच करत नसे. प्रत्येक गोष्ट दोम्लांना विचारी.

'घड्याळ बाहेर जाऊ इच्छिते. जाऊ द्यावे काय?' आणि खाली तीन बटणं: एकदाच, नेहमी, कधीच नाही.

दोम्ला सरसावून बसले. आजवर त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं. कॉलेजात प्राचार्य विचारत नसत, घरी सलोमत विचारत नसे, झेबिनिसोने तर मुलगा आधीच पसंत करून मग विचारलं होतं. आणि इथे एक यंत्र अदबीने उभं होतं.

'कधीच नाही,' दोम्लांनी दाबलं.

'प्रिंटर बोलू इच्छितो.' कधीच नाही. 'शब्दकोश स्वतःला नवे करू इच्छितो.' कधीच नाही. याला म्हणे निबंधातले अकरा चुकलेले स्वल्पविराम दिसले नव्हते! 'हवामान बाहेर जाऊ इच्छिते.' कधीच नाही. आठवड्याभरात लॅपटॉपवरचं घड्याळ तीन तास मागे पडलं, प्रिंटर मुका झाला, आणि बाहेर चाळीस अंशांचं ऊन पडलेलं असताना पडद्यावर बर्फ पडत होता. पण दोम्लांच्या चेहऱ्यावर तेज चढलं होतं. त्यांचं बोट आता वाचायच्या आधीच खालच्या बटणावर जाई. हलकी फायरवॉल कशी निवडावी यावर ते चायखान्यात बोलू लागले. अब्दुवोसित-आका दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.

अशा वेळी ओलिमखोजांचा निरोप आला. रविवारी मार्गिलानला या, घर बघा, तारखेचं बोलू. आणि इख्तियोर कामातून वेळ काढेल, तोही सोलहून पडद्यावर येईल. "लॅपटॉप घेऊन या, दोम्ला. आमच्याकडे मोठा टीव्ही आहे, त्याला जोडू. सगळ्यांना दिसेल."

सगळ्यांना दिसेल, हे ओलिमखोजा स्वतः म्हणाले होते.

ओलिमखोजा म्हणजे तीस वर्षं सरहद्दीवर जकात अधिकारी असलेला माणूस. बोलणं कमी, बघणं फार. आलेल्या पाहुण्याच्या पिशवीकडे ते अजूनही अशा नजरेने बघत, की पाहुणा आपणहून पिशवी उघडून दाखवी. त्यांची बायको मुहय्यो-ओपा पहिलीच्या वर्गाला शिकवत होत्या. त्यांना कुठेही अक्षरं दिसली की त्या ती मोठ्याने, सावकाश, प्रत्येक शब्दावर बोट ठेवल्यासारखी वाचत. हा त्या घरातला तपशील दोम्लांना आधी ठाऊक असता, तर बरं झालं असतं.

दस्तरखान भरगच्च होतं. खरबुजाच्या फोडी, नान, समोसे, खडीसाखर. हिरवा चहा फिरला, पलोवची वाखाणणी झाली. मग दोम्लांनी लॅपटॉप काढला, तार टीव्हीला लावली, आणि ओलिमखोजांकडून वायफायचा परवलीचा शब्द घेतला.

भिंतभर टीव्हीवर एक खिडकी उघडली. मुहय्यो-ओपा वाचू लागल्या.

"'आपण... नव्या... ठिकाणी आला आहात. ठिकाणाचे नाव... ओलिमखोजा.' अय्या, आपलं नाव आलं! 'या ठिकाणच्या... मालकावर... आपला विश्वास... आहे काय?'"

दोम्लांचं बोट, वर सांगितल्याप्रमाणे, वाचायच्या आधीच खाली जात असे. ते गेलं.

टीव्हीवर लाल पट्टी आली. मुहय्यो-ओपांचा आवाज वाचता वाचता बारीक होत गेला. "'अविश्वासू मालक... नोंदवला. आपण धोक्याच्या... जागी आहात. सर्व दरवाजे... बंद.'"

सलोमतने नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर अडवणारी फायरवॉल अजून निघालेली नाही.

"हे... हे यंत्र जरा उद्धट आहे," दोम्ला म्हणाले. "रशियनमधून भाषांतर..."

"बटण यंत्राने दाबलं?" ओलिमखोजांनी विचारलं.

दोम्ला घाईघाईने ती पट्टी घालवायला गेले. तेवढ्यात लॅपटॉप वाजू लागला. सोलहून जावई आला होता. खिडकी पुन्हा उघडली, आणि या वेळी तिच्या कोपऱ्यात वीसपासून उलटे आकडे पळत होते.

"'बाहेरून... कुणीतरी... आत येऊ पाहतो,'" मुहय्यो-ओपांनी सवयीने वाचलं. "'ठिकाण... सोल.' अगं बाई, इख्तियोर!"

"दाबा, दोम्ला, दाबा!" दोनतीन जण एकदम ओरडले.

दोम्लांनी दाबलं. तीन आठवड्यांची सवय आणि वीस माणसांच्या नजरा यांत सापडलेलं बोट जे दाबणार तेच त्यांनी दाबलं.

"'सोल,'" मुहय्यो-ओपांनी अगदी हळू वाचलं, "'कधीच नाही. नोंद... कायम केली.'"

टीव्ही गप्प झाला. घंटा थांबली. एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी शेजारणीला विचारलं, "म्हणजे मोडलं का गं?"

आपण इथे लिफ्टवाल्याच्या बापावर उपकार करायला आलो आहोत, अशी एक बारीकशी भावना दोम्ला कोकंदहून बरोबर घेऊन आले होते. ती कुठे गेली ते त्यांना कळलं नाही. आता फक्त एवढंच दिसत होतं, की त्या भिंतीवर आपल्या मुलीचं लग्न लाल अक्षरांत उभं आहे, आणि ते आपण केलं आहे.

ओलिमखोजांनी चहाचा पियोला खाली ठेवला. "तीस वर्षं," ते म्हणाले, "मी सरहद्दीवर माणसांना हाच प्रश्न विचारला. खरं सांगा, तुमच्यावर विश्वास ठेवू का? मला स्वतःला हा कुणी विचारला नव्हता. आणि तोही माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर."

दोम्ला उभे राहिले. आयुष्यात त्यांनी कारणं पुष्कळ दिली होती. माफी मागितल्याचं मात्र सलोमतला आठवत नव्हतं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "यंत्राची नाही. ताश्कंदला कुणीतरी माझा निबंध उघडून त्यातली चूक दाखवली. मला लाज वाटली. लाज वाटली म्हणून मी ही फायरवॉल आणली, आणि सगळ्यांना नाही म्हणत सुटलो. घड्याळालाही म्हटलं. तुम्हाला म्हणायचं नव्हतं."

कुणी काही बोलायच्या आत मुहय्यो-ओपांचा फोन वाजला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"अम्मा, तिकडे काय झालं? मी वाजवतोय, आणि तुम्ही मला बाहेरच्या बाहेर घालवताय."

"तुझ्या सासऱ्यांनी तुला कायमचं नाही म्हटलंय," ओलिमखोजा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही, पण मिशी हलली.

फोनमधून हसू आलं. एकट्याचं, मोठं, लाज न बाळगणारं हसू. आत्याबाई हसल्या, मग मुहय्यो-ओपा, मग सगळी खोली. दोम्ला उभेच होते. उभ्या माणसाला अशा वेळी कुठे बघावं ते कळत नाही, म्हणून ते खरबुजाकडे बघत राहिले.

"दोम्ला," फायरवॉलीची हकीकत ऐकून इख्तियोर म्हणाला, "लॅपटॉपला स्वतःची फायरवॉल असते की. घेतला तेव्हापासून आतच आहे. वजन काही नाही, विचारत काही नाही. तुमची ही काढून टाका आणि ती चालू करा. मग घरी असाल तर 'घरचं' म्हणायचं, बाकी सगळीकडे 'सार्वजनिक'. एवढंच. फोल्डर उघडा ठेवायचा नाही."

"एवढंच?" दोम्लांनी विचारलं.

"एवढंच. लिफ्टमध्ये आम्ही हेच करतो. दार आपोआप बंद होतं, प्रत्येक मजल्यावर माणसाला विचारत बसत नाही."

अकरा फायरवॉली, एक शिक्का, एक चायखान्याचं पत्र, आणि प्राचार्यांचा दुखावलेला प्रिंटर. हे सगळं एका लिफ्टवाल्याने दोन वाक्यांत निकालात काढलं, आणि तेही सोलहून, फोनवर, वडीलधाऱ्यांसमोर. दोम्ला खाली बसले. इख्तियोर सांगत गेला, दोम्ला करत गेले. काढताना त्या चिमुकलीने शेवटचं विचारलं, 'मी जाऊ काय?', आणि दोम्लांचं बोट सवयीने खाली गेलंच. ओलिमखोजांनी वरून हात पुढे करून ते उचललं आणि योग्य बटणावर ठेवलं. जकातीतल्या माणसाचा हात होता. पक्का.

नंतर लॅपटॉपने विचारलं, हे नेटवर्क घरचं की सार्वजनिक? मुहय्यो-ओपांनी ते वाचलं आणि मधेच थांबल्या. सगळी खोली दोम्लांच्या बोटाकडे पाहू लागली.

"शहाणपणाने सार्वजनिक म्हणायला हवं," दोम्ला पुटपुटले. "तो आत्ताच म्हणाला."

"म्हणा की," ओलिमखोजा म्हणाले. "मीही तेच म्हटलं असतं."

दोम्लांनी 'सार्वजनिक' म्हटलं. लाल पट्टी आली नाही, कुणाची नोंद झाली नाही, आणि टीव्हीभर इख्तियोर दिसू लागला. अंगात कामाचा निळा डगला, पाठीमागे उघडी पडलेली लिफ्टची तारा-चाकं. आत्याबाईंनी त्याला बारीक झालास म्हटलं. ओलिमखोजांनी व्याह्यांच्या पियोल्यात स्वतः चहा ओतला, अर्धाच, म्हणजे मान राखून, आणि पुन्हा पुन्हा. मग दोघं गालिच्यावर शेजारी बसून तासभर त्या जुन्या फायरवॉलीबद्दल बोलत राहिले. ओलिमखोजांना तिची सवय मुळीच वाईट वाटली नव्हती. त्यांच्या मते वीस सेकंद फार होतात, दहा पुरे. बायका केव्हा आतल्या खोलीत गेल्या, ते दोघांनाही कळलं नाही.

परतीच्या टॅक्सीत दोम्लांनी लॅपटॉप मांडीवर घट्ट धरला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तुतीची झाडं मागे जात होती. मग त्यांना एकदम आठवलं.

"अगं, तारखेचं बोलायचं राहूनच गेलं!"

"ठरली," सलोमत म्हणाली. "सप्टेंबरचा तिसरा रविवार. इख्तियोरलाही विचारलं, झेबिनिसोलाही फोन केला. दोघांना चालते."

"आणि मला? मी मुलीचा बाप आहे. मला कुणी विचारलं नाही?"

सलोमतने रुमालाची गाठ नीट केली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"तुम्हाला कशाला विचारायचं? वाचायच्या आधीच नाही म्हणाला असतात."